शिरगणती आणि जुगाराचा कायदा

जुगार वाईट, एवढेच सांगावयाचे असते तर वसंत व्याख्यानमालेची एक संध्याकाळ त्यासाठी खर्ची घालण्याचे कारण नव्हते. ते काम आपल्या दशावताराने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. द्यूतात राज्य गमावलेला धर्मराज आपण रंगमंचावर पाहिला, आणि पहाटे घरी परतताना त्याच जत्रेच्या कडेला मिणमिणत्या दिव्याभोवती अंदर-बाहरचा पट मांडून बसलेली मंडळीही पाहिली. उपदेश आणि पट दोन्ही एकाच जत्रेत सुखाने नांदत आले आहेत. तेव्हा आम्ही उपदेशाच्या वाटेस जात नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. राजसत्ता जुगाराला कोठे मोकळीक देते आणि कोठे मनाई करते, तेव्हा ती माणसे कोणत्या हिशेबाने मोजते? कोणाचे डोके हिशेबात धरते आणि कोणाचे वगळते?

हा प्रश्न आम्हांला विद्यालयात मिळाला नाही. आमची शाळा लवकर सुटली. कायद्याची जाड पुस्तके हाती आली ती कामगारांची प्रकरणे लढविताना, आणि ती चाळता चाळता एक गोष्ट ध्यानात आली. कायद्यातला आकडा कधी उगाच पडलेला नसतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असले की उपाहारगृह सक्तीचे होत असे. मग हजेरीपटावर दोनशे एकोणपन्नास नावे ठेवावयाची आणि बाकीची ठेकेदाराच्या वहीत ढकलावयाची, ही युक्ती करणारे मालक आम्ही पाहिले. एका डोक्याच्या फरकाने शेकडो माणसांचे दुपारचे जेवण हुकत असे. जुगाराच्या कायद्यातही असेच आकडे आहेत, आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे शहरेच्या शहरे उभी राहतात किंवा बसतात.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या विलापाचे एक सूक्त आहे. म्हणजे रोग जुना आहे. त्यावर राज्यकर्त्याने काय करावे, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच अध्यक्षाने घ्यावेत, अशी ती व्यवस्था आहे. एकाच जागेचा आग्रह का? तर चोरटे व छुपा धंदा करणारे लोक तेथे आपोआप हेरता येतात म्हणून. जुगार बुडविण्याचा विचार ह्यात नाही. त्याला एका जागी बसवून त्याच्यावर नजर ठेवावी आणि त्यातून महसूल काढावा, हा विचार आहे. पुढल्या दोन हजार वर्षांत बहुतेक राज्यांनी ह्याहून फारसे वेगळे काही केलेले नाही.

इंग्रजी अमलात १८६७ साली सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला. तो उत्तरेकडील प्रांतांसाठी, पंजाबासाठी व मध्यप्रांतासाठी होता. आपल्या मुंबई इलाख्यासाठी नव्हता. पण त्यातले मोजमाप पाहण्यासारखे आहे. जुगाराच्या अड्ड्यांविषयीची कलमे सरसकट लागू होत नसत. सरकारने जाहीरनामा काढावा आणि एखादे शहर, गाव, उपनगर किंवा रेल्वेचे स्थानक, तसेच स्थानकापासून तीन मैलांच्या आतील जागा, त्या कलमांखाली आणावी, अशी योजना होती. रेल्वे आणि तीन मैल हेच का? कारण जेथे गाडी थांबते तेथे गर्दी जमते, खिशात पैसा असलेला परका माणूस उतरतो. शिरगणतीचा आकडा त्या काळी कायद्यात आला नाही. पण गर्दी मोजण्याची ती पहिली पट्टी होती. आमच्या कोकणात रेल्वे संपूर्णपणे सुरू झाली १९९८ साली. त्या पट्टीने मोजले असते तर आम्ही शंभराहून अधिक वर्षे सरकारच्या लेखी निर्व्यसनी ठरलो असतो!

मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १८८७ साली आला. त्यात पुढे पुढे भर पडत गेली, आणि ही भर म्हणजे मुंबईच्या गरिबांचा इतिहासच आहे. कापसाच्या व अफूच्या भावावर लावलेली पैज, भाव सांगणाऱ्या संख्येतील अंकांवर लावलेली पैज, पाऊस पडेल की नाही आणि किती पडेल ह्यावर लावलेली पैज, हे सर्व जुगारात घातले गेले. परंतु घोड्यांच्या शर्यतीवरची पैज, ठरलेल्या आवारात आणि परवान्याने लावली असता, जुगारातून वगळली गेली. महालक्ष्मीच्या मैदानावर टोपी घालून जाणारा साहेब आणि शेटजी कायद्याच्या आत राहिला, आणि चाळीच्या जिन्याखाली आकडा लावणारा गिरणीकामगार कायद्याच्या बाहेर गेला. दोघांच्या खिशातून पैसा सारख्याच वाटेने जात होता. फरक होता तो जागेचा आणि पेहरावाचा.

हा गिरणीकामगार म्हणजे आपलाच चाकरमानी. मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ येथून बोटीने आणि पुढे एस.टी.ने गेलेला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत, आणि त्यांच्या अंकांवर पैजा लागत. १९६१ साली ते भाव येणे थांबले. लोकांनी खेळ सोडला नाही; पुढल्याच वर्षी कल्याणजी भगत ह्यांनी आणि १९६४ साली रतन खत्री ह्यांनी आकडे काढण्याची स्वतःची व्यवस्था उभी केली, आणि वरळीचा मटका देशभर पसरला. कोकणचा संसार त्या वेळी मनिऑर्डरीवर चालत असे. मनिऑर्डर ज्या महिन्यात थोडकी येई, त्या महिन्यात गावाकडच्या माऊलीला कारण विचारण्याची सोय नव्हती. तिचे डोके कोणत्याही कायद्याने मोजले नव्हते. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून देवबागच्या डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले आणि त्यानंतर तो सारा गिरणगावच पालटून गेला. पण आकडा लावण्याची सवय गिरण्यांबरोबर मेली नाही.

दरम्यान स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली एक महत्त्वाचा निर्णय दिला. खटला मुंबई राज्याचाच होता. बंगळूरहून निघणाऱ्या एका वृत्तपत्रातील बक्षिसांच्या शब्दकोड्यांवर मुंबई सरकारने कर बसविला होता, आणि चालकांचे म्हणणे असे की आम्ही व्यापार करतो, घटनेने आम्हांस व्यापाराचे स्वातंत्र्य दिले आहे. सरन्यायाधीश सुधी रंजन दास ह्यांच्या न्यायपीठाने वेद आणि महाभारतापर्यंत मागे जाऊन सांगितले की जुगार हा व्यापारच नव्हे, त्याला ते संरक्षण मिळणार नाही. सट्टा व जुगार हे विषय घटनेने राज्यांकडे दिलेले आहेतच. ह्या निर्णयाचा अर्थ आम्ही कामगारांच्या भाषेत असा लावतो: कॅसिनो उघडणे हा कोणाचा हक्क नाही. ती सरकारने दिलेली सवलत आहे. आणि जी गोष्ट सवलत म्हणून दिली जाते तिला हवी ती अट घालता येते. मग अटी कोणासाठी घातल्या, हाच प्रश्न उरतो.

आता १९७६ साल घ्या. त्या एकाच वर्षी तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर जुगाराचे दोन कायदे झाले. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाना देण्याचा व त्यांच्यावर कर बसविण्याचा कायदा केला. गोवा, दमण व दीवने सार्वजनिक जुगाराला मनाई करण्याचा कायदा केला. आज कोठे काय आहे ते आपण जाणतोच. महाराष्ट्राचा परवान्याचा कायदा कधी अमलातच आला नाही; सत्तेचाळीस वर्षे तो कपाटात पडून राहिला, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. गोव्याच्या मनाईच्या कायद्याला मात्र १९९२ साली एक खिडकी पडली: पंचतारांकित हॉटेलांत नाणे टाकून खेळण्याची यंत्रे चालतील. १९९६ साली दुसरी पडली: समुद्रातील जहाजांवर टेबलांचे खेळ चालतील. त्या खिडक्यांतूनच आजचा सारा धंदा आत आला. समुद्रातली म्हणून परवानगी मिळालेली जहाजे पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगर टाकून उभी आहेत, आणि २०११ च्या गणनेप्रमाणे जेमतेम चाळीस हजार वस्तीच्या त्या राजधानीचा नदीकाठ रात्रभर त्यांच्या रोषणाईने उजळलेला असतो.

गोव्याच्या ह्या व्यवस्थेत तीन चाळण्या आहेत. पहिली चाळणी पैशाची: पंचतारांकित हॉटेलात पाऊल टाकण्याची ऐपत असेल तो खेळेल. दुसरी चाळणी जागेची: जमिनीवर नव्हे, पाण्यावर. तिसरी चाळणी माणसांची, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. स्थानिक गोमंतकीयाने खेळावयास जाऊ नये अशी दुरुस्ती २०१२ साली झाली आणि १ फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्यक्षात आणण्याची घोषणा झाली. पर्यटकाला दार उघडे, घरच्याला बंद. आपल्या भाषेत ह्या धोरणाला फार जुनी म्हण आहे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. आपल्या बाब्याने घर बुडवू नये. दुसऱ्याच्या कार्ट्याने बुडविले तर महसूल येतो. हे गोव्यानेच शोधून काढले असे नव्हे. मोनॅकोच्या संस्थानात १८६३ सालापासून जगप्रसिद्ध कॅसिनो आहे आणि तेथल्या नागरिकांना त्यात जुगार खेळण्यास बंदी आहे.

आता ह्या तिसऱ्या चाळणीत आपण सिंधुदुर्गवासी कोठे पडतो, हे ध्यानात घ्या. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पणजी तासा-दीड तासाच्या वाटेवर. आमच्या आणि त्यांच्या बोलीत, जेवणात, देवदैवतांत फरक थोडा, सोयरिकीही होतात. पण गोव्याच्या जुगारकायद्याच्या हिशेबात पेडण्याचा तरुण हा बाब्या आहे आणि सावंतवाडीचा तरुण हा पर्यटक आहे. म्हणजे त्या कायद्याने जी डोकी राखली त्यांत आपली नाहीत, आणि जी मोकळी सोडली त्यांत सर्वांत जवळची आपली आहेत. महाराष्ट्राने घरात कॅसिनो येऊ दिला नाही म्हणून आपण निश्चिंत राहिलो, पण उंबरठ्यापलीकडच्या कायद्याने आपली मोजदाद केव्हाच करून ठेवली आहे.

लोकसंख्येचा प्रत्यक्ष आकडा घालून व्यसनाच्या धंद्याला वेसण घालण्याचा प्रकार आपणांस अगदीच अपरिचित नाही. महामार्गालगतची दारूची दुकाने पाचशे मीटरांच्या बाहेर न्यावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. ३१ मार्च २०१७ रोजी त्यात बदल झाला: जेथील लोकसंख्या वीस हजार किंवा त्याहून कमी, तेथे दोनशे वीस मीटर पुरेत. त्याच वर्षी पुढे नगरपालिकांच्या हद्दीपुरता हा निर्बंध सैल झाला. पण तोवर साऱ्या राज्यात लोक जनगणनेचे तक्ते उघडून बसले होते. आमचे मालवण आणि वेंगुर्ले वीस हजारांच्या आतले. आपण किती आहोत, ह्यावर दारू आपल्यापासून किती पावलांवर असावी हे ठरू शकते, हा धडा त्या वेळी मिळाला.

ह्या युक्तीचे पूर्ण रूप पाहावयाचे तर सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील नेवाडा राज्यात गेले पाहिजे. नेवाडाने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. त्या वेळी लास वेगास हे पाच हजार वस्तीचे वाळवंटातले गाव होते; १९३० च्या गणनेत त्याची लोकसंख्या ५,१६५ भरली होती, आणि साऱ्या राज्याची ९१,०५८. माणसे कमी, शेती थोडी, खाणी ओसरलेल्या, त्यातून जगभर मंदी. अशा राज्याने बाहेरच्यांच्या खिशावर जगण्याचा मार्ग धरला.

त्या राज्याच्या घटनेत असा दंडक आहे की काही विषयांत एकाच गावापुरता किंवा एकाच जिल्ह्यापुरता खास कायदा करता येत नाही. कायदा सर्वसामान्य असला पाहिजे. मग लास वेगाससाठी वेगळा नियम करावयाचा असला तर काय करावे? त्यांच्याकडे जिल्ह्यासारखा जो विभाग असतो त्यास काउंटी म्हणतात. कायद्यात गावाचे नाव घालावयाचे नाही, ‘ज्या काउंटीची लोकसंख्या इतकी किंवा अधिक असेल’ असे लिहावयाचे, आणि आकडा असा निवडावयाचा की त्यात हवी तेवढीच काउंटी सापडेल. आपल्याकडे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात एक लाखावरची ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांवरची ‘ब’ वर्ग आणि त्याखालची ‘क’ वर्ग अशी प्रतवारी झाली. ती पाणी, दिवे आणि नोकरवर्ग ह्यांसाठी. त्यांनी तीच पट्टी जुगाराला लावली.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी नियम केला की ज्या काउंटीची लोकसंख्या एक लाख किंवा त्याहून अधिक आहे, तेथे जुगाराचा मोठा परवाना नव्याने हवा असेल तर नुसते जुगारघर चालणार नाही. त्याबरोबर दोनशेहून अधिक खोल्यांचे हॉटेल, साठांहून अधिक माणसे बसतील असे अष्टौप्रहर उघडे भोजनगृह आणि मद्यपानगृह असले पाहिजे. ह्या आकड्यात दोन काउंट्या सापडल्या: लास वेगासची क्लार्क आणि रेनो शहराची वाशो. त्यानंतर १९९७ साली चार लाखांवरच्या काउंटीसाठी, म्हणजे त्या वेळी एकट्या क्लार्कसाठी, आणखी कायदा झाला, आणि नवे कॅसिनो आखून दिलेल्या पट्ट्यांतच बांधावेत, शाळा, प्रार्थनामंदिरे व राहती घरे ह्यांच्यापासून दूर असावेत, असे ठरले.

ह्या आकड्यांचा शहरातल्या कॅसिनोंवर काय परिणाम झाला? पहिला परिणाम असा की लहान माणसाचे दुकान बंद झाले. दोनशे खोल्या बांधण्याचे भांडवल ज्याच्यापाशी नाही त्याला त्या शहरांत नवे जुगारघर काढता येईना. जुन्यांना सूट मिळाली, म्हणून जुन्या परवान्याचे मोल वाढले, आणि नवा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हाती राहिला. लास वेगाससारख्या वाढत्या शहरास हे पेलले. रेनोसारख्या लहान शहराला तीच अट जड जाते, कारण एक लाख आणि वीस लाख हे कायद्याच्या एकाच खणात बसविले आहेत. दुसरीकडे पंधरा किंवा त्याहून कमी यंत्रांचा छोटा परवाना मद्यालये आणि किराणा दुकाने ह्यांना मिळत राहिला. म्हणजे मोठा जुगार हॉटेलात कोंडला, आणि कष्टकऱ्याचा चिल्लर जुगार त्याच्या वाण्याच्या दुकानात तसाच राहिला. महालक्ष्मी आणि मटका हा भेद निराळ्या वेषात तेथेही आहेच.

दुसरा परिणाम मात्र आम्हां कामगार कार्यकर्त्यांना विशेष वाटतो. हॉटेलाची सक्ती केल्यामुळे कॅसिनो म्हणजे केवळ पत्ते वाटणारे चार हात राहिले नाहीत. खोल्या झाडणाऱ्या बाया, स्वयंपाकी, वाढपी, सामान उचलणारे अशी हजारो माणसे एका छपराखाली आली. आणि जेथे हजारो हात एका छपराखाली येतात तेथे संघटना रुजते. लास वेगासच्या स्वयंपाकी-वाढप्यांची ‘कलिनरी’ नावाची युनियन १९३५ सालची. तिचे सभासद आज साठ हजारांच्या घरात आहेत. तेथील ‘फ्राँटियर’ नावाच्या कॅसिनोवर २१ सप्टेंबर १९९१ रोजी साडेपाचशे कामगार संपावर गेले. तो संप सहा वर्षे आणि चार महिने चालला, १९९८ च्या फेब्रुवारीत कामगारांच्या विजयाने संपला, आणि एवढ्या काळात त्या साडेपाचशेंपैकी एकही माणूस फुटून आत गेला नाही, असे ती युनियन अभिमानाने सांगते. आमच्या गिरणी संपाच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांनी हाही इतिहास वाचावा. कायदा करणाऱ्यांच्या मनात कामगारांचे हित होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांना शहराची शोभा आणि मोठ्या कंपन्यांची सोय पाहावयाची होती. पण अटीत खोल्या मोजल्या गेल्या, आणि खोल्यांच्या मागोमाग झाडू घेतलेले हात मोजले गेले.

तिसरा परिणाम थोडा गमतीचा आहे. २०१० च्या जनगणनेत वाशो काउंटीची लोकसंख्या ४,२१,४०७ भरली. म्हणजे चार लाखांची रेघ तिने ओलांडली, आणि लास वेगाससाठी लिहिलेले नियम आता रेनोला लागू होणार अशी वेळ आली. मग काय झाले? २०११ साली विधिमंडळाने कायद्यातला आकडाच चार लाखांवरून सात लाखांवर नेला. क्लार्कची वस्ती एकोणीस लाखांवर गेलेली, तेव्हा ती जागच्या जागी राहिली आणि वाशो पुन्हा बाहेर झाली. लोक वाढले म्हणून नियम लागू व्हावयाचा, तर नियमानेच दोन पावले मागे सरून वाट करून दिली. लोकसंख्येची अट ही निसर्गाची मर्यादा नव्हे. ती भिंतीत ठोकलेली खुंटी आहे. ज्याच्या हाती हातोडा त्याने ती हवी तेथे ठोकावी.

माणसे मोजण्याचे आणखी दोन प्रकार पाहू. सिंगापूरने २०१० साली दोन कॅसिनो उघडले. परदेशी पाहुण्यास प्रवेश फुकट, पण तेथल्या नागरिकाला आत पाऊल टाकण्यासाठी दिवसाला शंभर डॉलर, आणि २०१९ पासून दीडशे डॉलर भरावे लागतात. तेथे बाब्याला बंदी नाही. पण आत जाण्याआधी त्याचा खिसा थोडा हलका करून त्यास विचार करावयास लावले जाते. दक्षिण कोरियात देशी माणसाला कॅसिनो बंद, एक अपवाद सोडून. कोळशाच्या खाणी बंद पडून ओस पडू लागलेल्या डोंगरी मुलखासाठी १९९५ साली खास कायदा झाला, आणि २००० साली तेथे असा कॅसिनो उघडला की जेथे कोरियन माणूसही खेळू शकतो. कामे आली हे खरे. त्याचबरोबर त्याच रस्त्यांवर गहाणवटीची दुकाने दाटीने उभी राहिली, हेही खरे.

हे कोरियाचे उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटी घेतले. २००१ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. देश वाढत असताना आपण एकोणीस हजारांनी घटलो. १९९७ सालापासून आपण पर्यटन जिल्हा म्हणवितो, तरी घरे बंद आहेत, वाडीत म्हातारी माणसे आहेत, आणि तरुण मुंबईस नाही तर गोव्यास. २०२१ ची गणना झालीच नाही. पुढली २०२७ साली व्हावयाची आहे, आणि तिचे आकडे ह्याहून उत्साहाचे असतील असा भरवसा वाटत नाही. इतिहास असे सांगतो की कॅसिनो बहुधा अशाच जागी येतो: जेथे माणसे थोडी, काम थोडे आणि विरोध करणारा आवाज थोडा. वाळवंटातले लास वेगास तसे होते, कोरियाचा खाणमुलूख तसा होता, मोनॅकोचा खडकही तसाच होता. उद्या कोणी नकाशा पुढे करून सांगेल की गोव्याचा पैसा पाहा, तुमच्याकडे किनारा आहे, कामे येतील. त्या वेळी ‘पाप, पाप’ म्हणून ओरडणे पुरेसे होणार नाही, कारण समोरचा तरुण म्हणेल, पापाचे राहू द्या, माझ्या पोटाचे काय?

त्याच्या पोटाचे काय, हे आम्ही जवळून पाहतो. आपल्या तालुक्यांतली मुले-मुली गोव्याच्या हॉटेलांत आणि जहाजांवर कामास आहेत. ती आमच्याकडे येतात तेव्हा त्यांची गाऱ्हाणी जुगाराविषयी नसतात. ती असतात ठेकेदाराच्या कागदाविषयी, रात्रपाळीविषयी, कापलेल्या पगाराविषयी. गोव्यात जहाजाचे वार्षिक शुल्क त्यावर किती प्रवासी मावतात ह्यावरून ठरते. म्हणजे गिऱ्हाइकाचे डोके सरकारने मोजले. स्थानिक कोण आणि परका कोण, हेही मोजले. पत्ते वाटणाऱ्या, थाळ्या उचलणाऱ्या आणि बोटीचा दोर बांधणाऱ्या माणसाचे डोके मात्र शुल्काच्या त्या कोष्टकात नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डोकी मोजण्याचा एक चांगला नमुना आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि तो जुगाराचा नसून दारूचा आहे. गावातल्या पाव हिश्शाहून अधिक स्त्रियांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाविषयी मतदान घ्यावे लागते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. येथेही लोकसंख्येचीच अट आहे. पण येथे आकडा हातात घेणारी ती माऊली आहे, जिची मनिऑर्डर कमी येत होती. मांडवीकाठच्या चाळणीत ती मोजली गेली नाही, नेवाडाच्या खणात मोजली गेली नाही. आडव्या बाटलीच्या मतपेटीत मात्र मोजली गेली, आणि अनेक गावांत तिने दुकाने बंद करून दाखविली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. जुगार हा व्यापार नव्हे, असे न्यायालयाने सांगून ठेविले आहे. तेव्हा त्याला परवाना देताना मालकाच्या हक्काची भाषा चालणार नाही. अट घालणाऱ्याची भाषा चालेल. ती अट घालताना तीन डोकी मोजली जावीत. ज्या वस्तीशेजारी तो धंदा येईल, तेथल्या प्रौढ माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, मत आधी मोजावे. जेथे तो आधीच चालू आहे, तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव मालकाच्या स्वतःच्या हजेरीपटावर असावे, ठेकेदाराच्या वहीत नव्हे. आणि सीमेपलीकडच्या शेजाऱ्याला नुसता पर्यटक न समजता, त्याच्या घरी होणाऱ्या नुकसानीचाही विचार दोन राज्यांनी एकत्र बसून करावा.

आता तर जुगाराला शहर लागत नाही, जहाजही लागत नाही. तो खिशातल्या फोनमध्ये आला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ साली बंदीचा कायदा केला, आणि त्याच वर्षी कॅसिनोंवरचा वस्तू व सेवा कर शेकडा अठ्ठावीसवरून चाळीसवर गेला. ह्या उपायांचे फळ काय ते काळ दाखवील. रेल्वे स्थानकापासून तीन मैलांचा हिशेब मांडणाऱ्या १८६७ च्या कायद्याला असा जुगार स्वप्नातही दिसला नसता. पण साधने बदलली तरी मूळ प्रश्न बदललेला नाही. २०२७ साली गणनेचा कारकून आपल्या दाराशी येईल आणि घरात माणसे किती, हे विचारील. त्यास आकडा नीट सांगा, परगावी राबणाऱ्या मुलांची चौकशी करील तर तीही नीट सांगा. आपण किती आहोत हे त्याच्या कागदावर उतरेल. आपण कोणत्या रकान्यात बसावयाचे, हे मात्र दुसऱ्या कोणावर सोपवू नका. गोव्यात राबणाऱ्या मुलांची नावे कोणत्या वहीत आहेत, हे ह्या वेळी चतुर्थीला ती घरी येतील तेव्हा त्यांना जवळ बसवून विचारा. तेथूनच कामास आरंभ करता येईल.